गावाकडच्या हौशी माणसाची स्मरणपुस्तिका कशी करावी

सातारा, सांगली, पुणे या भागांतील अनेक घरांत वर्षश्राद्धाच्या दिवशी कीर्तन संपल्यावर आलेल्या मंडळींच्या हाती एक छोटी स्मरणपुस्तिका दिली जाते. पहिल्या पानावर हार घातलेला फोटो असतो, खाली जन्ममृत्यूच्या तारखा असतात आणि पुढे ‘कष्टाळू, मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणारे’ असे शब्द येतात. हे शब्द खोटे नसतात. परंतु शेजारच्या घरातून मागच्या वर्षी निघालेल्या पुस्तिकेतही हेच शब्द असतात, आणि दहाव्याच्या दिवशी नदीकाठी झालेल्या भाषणांतही हेच ऐकलेले असतात. ज्या माणसाने पन्नास वर्षे पारावर, खळ्यावर, लग्नाच्या मांडवात आणि जत्रेच्या मैदानात लोकांना हसविले, त्याच्या बाबतीत तर ही शब्दांची माळ फारच अपुरी पडते. गेलेल्या माणसाविषयी हसून बोलणे अनादराचे वाटत असल्यामुळे घरचे लोक नेमका तोच भाग गाळतात, ज्यामुळे तो माणूस इतरांहून वेगळा होता.

माझे मत असे आहे की हौशी माणसाची गंमत हाच त्याच्या स्वभावाचा गाभा असतो आणि ती जमिनीच्या नोंदीइतक्याच काळजीने लिहिली पाहिजे. तो कोणाशी, कोठे, कोणत्या शब्दांत थट्टा करीत असे, त्या हौसेसाठी काय खर्च करीत असे आणि तो खर्च घरात कोण सोसत असे, हे सारे नीट लिहिले गेले, तर ज्या नातवंडांनी त्याला पाहिलेले नाही त्यांनाही तो ओळखू येतो. ते कसे करावे, हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

सुरुवात केव्हा करावी

पहिले तेरा दिवस हे या कामाच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. भेटायला येणारा प्रत्येक माणूस ओसरीवर बसल्यावर काही वेळाने एखादी तरी हकिकत सांगतो, आणि त्या दिवसांत सांगितलेल्या हकिकती पुढे वर्षभरात पुन्हा त्याच ताजेपणाने सांगितल्या जात नाहीत. तथापि त्या वेळी कोणासमोर फोन धरून ध्वनिमुद्रण करू नये. ते अशोभनीय दिसते आणि सांगणाराही आखडतो. विधींमध्ये गुंतलेल्या मुलावर हे काम न टाकता एखाद्या भाच्याने, जावयाने किंवा नातसुनेने एक वही जवळ ठेवावी आणि माणसे उठून गेल्यावर त्यात फक्त खूण लिहून ठेवावी: कोण आले होते, कोणत्या गावचे, आणि त्यांनी कशाची गोष्ट काढली. ‘वरच्या आळीचे तात्या, हरवलेल्या म्हशीची गोष्ट’ एवढे पुरे असते. सविस्तर मुलाखत नंतर घ्यायची आहे.

त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट तातडीने करावी, ती म्हणजे त्यांचा मोबाइल फोन जपून ठेवावा. गावाकडे असा फोन लवकरच एखाद्या नातवाकडे जातो आणि त्यातील सर्व मजकूर पुसला जातो. व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठविलेले आवाजी निरोप बहुधा लेकी-जावयांच्या फोनमध्येही असतात. ते सर्वांकडून मागवून एका ठिकाणी साठवावेत. ‘जेवलास का रं, का पोरींच्या हातचं कच्चंच खातुयास’ असा दहा सेकंदांचा निरोपदेखील पुढे दहा पानांच्या वर्णनापेक्षा अधिक सांगतो.

पुस्तिका वर्षश्राद्धाला हवी असेल, तर चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मुलाखती सुरू कराव्यात. त्यापूर्वी पत्नीला आणि मुलांना बोलणे जड जाते, आणि त्यानंतर फार उशीर केल्यास छपाईची घाई होते. सुगीचे दिवस टाळावेत. ज्याच्या शेतात सोयाबीन काढणीला आले आहे, त्याला आठवणी सांगायला उसंत नसते.

कोणाला विचारावे

पहिल्यांदा पत्नीला विचारावे, आणि ते एकटीला. चार लोकांत ती ‘लई चांगलं व्हतं’ यापलीकडे जात नाही. तिच्या पिढीतील स्त्रिया नवऱ्याचे नाव घेत नसत, म्हणून तिने लग्नात, डोहाळजेवणात आणि हळदीकुंकवाच्या वेळी घेतलेले उखाणे मुद्दाम विचारून लिहून घ्यावेत. उखाण्यांत नवऱ्याचे नाव तर येतेच, शिवाय त्या वेळचे घर, सासू-सासरे, कौतुक आणि लटकी तक्रारही येते. कित्येकदा नवऱ्याच्या हौसेवर केलेली सर्वांत नेमकी टीका तिच्या उखाण्यातच सापडते. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही घ्याव्यात.

त्यानंतर बहिणी. विवाहित बहिणीला भाऊ सासरी न्यायला येत असे, त्या मुराळ्याच्या फेऱ्यांच्या हकिकती केवळ तिच्याकडे असतात: बैलगाडीतून माहेरी येताना त्याने कोठे गाडी थांबविली, कोणाच्या शेतातल्या शेंगा उपटल्या, सासरच्या दारात शिरताना अंगावर कसे गांभीर्य आणले आणि गावची शीव ओलांडताच ते कसे उतरविले. भाच्यांचा क्रम याच्या लगेच मागे लागतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावी आलेल्या मुलांना पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडणारा मामा ज्यांनी पाहिला आहे, ते आज पन्नाशीचे असले तरी त्या दुपारविषयी बारकाईने सांगू शकतात. स्वतःच्या मुलांना वडिलांची शिस्तही आठवते. भाच्यांना मात्र निव्वळ मामा आठवतो.

मेहुणे आणि साडू यांचे महत्त्व थट्टेच्या बाबतीत वेगळेच आहे. आपल्याकडे मेहुण्या-दाजींच्या नात्यात थट्टेला परवानगी असते, आणि हौशी माणसाने ती पुरेपूर वापरलेली असते. बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातल्या विडा या गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. इतकी गाजलेली प्रथा प्रत्येक गावात नसली, तरी जावई, मेहुणा आणि व्याही यांना गाठून केलेल्या खोड्या प्रत्येक गावात असतात आणि ज्यांच्यावर त्या झाल्या त्यांना त्या अगदी क्रमवार पाठ असतात. थट्टेची गोष्ट शक्य तो ज्याची थट्टा झाली त्याच्या तोंडून ऐकावी, कारण त्याला ती कशी लागली हेही त्यातच कळते.

मग येतात बाहेरचे साक्षीदार. बैलांच्या शर्यतींचा नाद असेल, तर गाडीवर बसणारा, बैलांची जोड लावणारा आणि हलगी वाजविणारा, या तिघांकडे जावे. तमाशाचा नाद असेल, तर जत्रा कमिटीतले सहकारी शोधावेत. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे चैत्री यात्रांच्या आधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी तेथे सुपारी द्यायला, म्हणजे जत्रेसाठी फड ठरवायला जातात. त्या प्रवासात कोण कोण होते, बोलणी किती वेळ चालली, परतताना जीपमध्ये काय झाले, हे जत्रा कमिटीच्या जमाखर्चाच्या वहीवरून आणि सोबत्यांच्या तोंडून एकत्र जुळविता येते. कुस्तीचा शौक असेल तर वस्ताद, भजनाचा असेल तर मृदंगवादक, वारीला जात असतील तर दिंडीचा विणेकरी; भारुडात सोंग घेणारा माणूस असेल तर त्याला साडी कोणी नेसविली, हेदेखील विचारावे. केशकर्तनाचे दुकान, चहाचे हॉटेल आणि गुरांचा बाजार ही ठिकाणे कधीही वगळू नयेत.

साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांतील घरांच्या बाबतीत मुंबईला एक फेरी करावीच लागते. तेथील असंख्य माणसे गिरण्यांत आणि माथाडी कामात गेली, काही वर्षे खोलीवर दाटीवाटीने राहिली आणि मग गावी परतली. आपला माणूस त्यांतला असेल, तर त्याच्या तरुणपणीच्या गमतींचे साक्षीदार गावात नसून मुंबईच्या गावकरी मंडळात असतात, आणि तेही आता थकलेले असतात. म्हणून बाहेरच्या साक्षीदारांत यांच्यापासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरते.

शेवटी ज्यांना सहसा कोणी विचारीत नाही ते लोक: शेतावरचा सालगडी, मजुरीला येणाऱ्या बाया, शेजारच्या बांधाचा भाऊबंद. भाऊबंदाशी बांधावरून वाद असेल तरी त्याच्याकडे जावे. वाद असलेल्या माणसाने हसत सांगितलेली एक गोष्ट मित्राच्या दहा गोष्टींहून विश्वासार्ह असते.

कसे विचारावे

‘ते कसे होते?’ हा प्रश्न विचारू नये, कारण त्याला उत्तर म्हणून तीच विशेषणे येतात. त्याऐवजी ठिकाण, वस्तू किंवा कृती धरून विचारावे. ‘बाजारच्या दिवशी एसटीतून उतरल्यावर ते आधी कोठे जात?’, ‘त्यांच्या बंडीच्या खिशात काय काय असे?’, ‘पंगतीत वाढायला उभे राहिले तर कोणाच्या पानात मुद्दाम जास्त वाढीत?’, ‘कुत्र्याला, बैलांना त्यांनी कोणती नावे ठेवली होती?’, ‘कोणावर रागावले तर काय म्हणत?’ अशा प्रश्नांनी माणूस थेट त्या जागी जाऊन उभा राहतो. गोष्ट सुरू झाली की मध्ये बोलू नये. संपल्यावर ‘मग त्या दुसऱ्या माणसाने काय केले?’ एवढे विचारावे, कारण खोडीची गोष्ट सांगणारा हशापाशी थांबतो आणि त्यानंतर जे घडले ते बहुधा अधिक महत्त्वाचे असते.

वृद्ध स्त्रियांना समोर बसवून मुलाखत घेण्यापेक्षा त्या काम करीत असताना शेजारी बसावे. शेंगा फोडताना, लसूण सोलताना किंवा धान्य निवडताना त्या मोकळेपणाने बोलतात, आणि हात गुंतलेला असल्यामुळे मधल्या शांततेचे ओझे कोणाला वाटत नाही. पुरुषांच्या बाबतीत दोन समवयस्क मित्र एकत्र बसविणे उत्तम. एक चुकला की दुसरा ‘तसं न्हवं’ म्हणून त्याला अडवितो आणि त्या वादातून तपशील बाहेर पडतो. या अडविण्याची नोंद अवश्य ठेवावी. एकच गोष्ट दोन प्रकारे सांगितली जात असेल, तर पुस्तिकेत दोन्ही प्रकार द्यावेत.

ध्वनिमुद्रण परवानगी घेऊनच करावे. फोन सर्वांना दिसेल असा, पण पंख्यापासून दूर आणि सतरंजीवर ठेवावा. लाकडी टेबलावर ठेवल्यास कप ठेवल्याचा आवाजही बोलण्यावर मात करतो. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव स्वतः मोठ्याने उच्चारावे, आणि त्याच रात्री ध्वनिफितीला तेच नाव देऊन तिची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे पाठवावी.

काळ कसा ठरवावा

गावाकडील आठवणींत साल क्वचितच असते, आणि जेथे कागदावर असते तेथेही जपून विश्वास ठेवावा लागतो. जुन्या पिढीतील हजारो लोकांची शाळेच्या दाखल्यावरील जन्मतारीख १ जून आहे, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ती सोयीची तारीख लिहिली. आपल्या माणसाच्या दाखल्यावर १ जून असेल, तर ती पुस्तिकेत ‘दाखल्यावरील जन्मतारीख’ म्हणून छापावी आणि खरा काळ इतर खुणांवरून शोधावा.

या खुणा म्हणजे सर्वांच्या आयुष्यातून गेलेल्या मोठ्या घटना. सातारा-सांगली भागात कोयनेचा भूकंप ही सर्वांत पक्की खूण आहे. तो ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झाला. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप तसाच आहे. पुणे परिसरात पानशेत धरण फुटल्याचा १२ जुलै १९६१ हा दिवस आहे. १९७२ चा दुष्काळ तर जवळजवळ प्रत्येक घरात आहे: मिलो जोंधळ्याच्या भाकरी, वाटली जाणारी सुकडी, खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे. मुंबईशी संबंध असलेल्या घरांसाठी १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप ही खूण आहे. ‘तुमचा थोरला तेव्हा रांगत होता की चालत होता?’ असे विचारून एखादी जत्रा, एखादे लग्न किंवा एखादी खोडी या खुणांच्या अलीकडे की पलीकडे, हे ठरविता येते.

कुटुंबातल्या घटनांसाठी अधिक महिन्याचा फार उपयोग होतो. लेकीच्या लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, जावयाला दिलेले वाण, त्या जेवणावळीत सासऱ्याने केलेली गंमत, या गोष्टी सर्वांना आठवतात. अलीकडच्या काळात २०१५ मध्ये अधिक आषाढ, २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ, २०२० मध्ये अधिक आश्विन आणि २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. ‘आषाढातला धोंडा’ म्हटले की साल आपोआप हाती येते.

शर्यतींच्या आठवणींना न्यायालयाच्या तारखांची मदत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निकालाने बैलगाडा शर्यती बंद झाल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. कोणी ‘२०१६ च्या मैदानात त्यांचा बैल पहिला आला’ असे सांगितले, तर साल चुकलेले असण्याची शक्यता मोठी आहे. आणि साल बरोबरच असेल तर ती गोष्ट छापण्यापूर्वी घरात विचार करावा. बंदीच्या वर्षांत त्या माणसाने काय केले, बैल विकले की दावणीला तसेच पोसले, हा प्रश्न मात्र अवश्य विचारावा. नादापायी रिकामे बैल काही वर्षे खाऊ घालणारा शेतकरी आणि दुसऱ्याच महिन्यात बाजार दाखविणारा शेतकरी, हे दोघेही हौशीच असतात, पण त्यांची हौस एकसारखी नसते. शब्दही त्या त्या भागातलेच ठेवावेत: पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात घाट (शर्यतीची धाव) आणि बारी (गाड्याची एक पळ), सातारा-सांगलीकडे मैदान आणि छकडा (शर्यतीची हलकी गाडी).

कागद आणि फोटो

सातबारा आणि फेरफार हे कागद रूक्ष वाटतात, परंतु जमीन कधी घेतली, कधी वाटणी झाली, कधी गहाण पडली, याचा कणा त्यांतूनच मिळतो, आणि मोठ्या हौसेच्या काळाशी ते ताडून पाहिल्यास काही गोष्टींचा उलगडा होतो. जुने फेरफार तलाठी कार्यालयात किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. त्याहून मला प्रिय असलेला कागद म्हणजे लग्नातल्या आहेराची वही. तिच्यात कोणत्या गावचा कोण माणूस आला आणि त्याने काय दिले, हे ओळीने लिहिलेले असते. त्या यादीवरून मुलाखतीसाठी विसरलेली माणसे सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक, येत असतील तर त्यांच्याकडची वंशावळ ऐकावी, आणि नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर येथे कुटुंबाचे तीर्थोपाध्याय असतील तर त्यांच्या वहीत आपल्या माणसाने स्वतःच्या हाताने केलेली सही किंवा उठविलेला अंगठा पाहायला मिळू शकतो. वंशावळ छापताना लेकींची नावे गाळण्याची जुनी रीत पाळू नये. त्यांची, जावयांची आणि नातींची नावे त्याच ओळीत यावीत.

फोटोच्या बाबतीत भिंतीवरचा मोठा फोटो हा सर्वांत कमी उपयोगाचा असतो. तो बहुधा आधारकार्डासाठी काढलेल्या छोट्या छायाचित्रावरून वाढविलेला असतो, आणि स्टुडिओवाल्याने त्यावर कधी न घातलेला कोटही चढविलेला असतो. खरा माणूस दुसऱ्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये, कडेला, वाढप्यांच्या घोळक्यात, गुलालाने माखलेल्या मिरवणुकीत सापडतो. म्हणून भाऊबंदांचे अल्बम मागवून पाहावेत. जुना फोटो चौकटीतून काचेसह टिपू नये. काच काढून, सावलीत पण भरपूर उजेडात, फ्लॅशशिवाय टिपावा, आणि चिकटलेला असेल तर ओढू नये. प्रत्येक फोटोखाली डावीकडून उजवीकडे सर्वांची नावे लिहावीत.

हौसेची किंमत

हा भाग लिहायला कठीण आहे आणि बहुतेक पुस्तिकांत तो नसतो. हौशी माणसाच्या घरात त्याच्या हौसेचा भार कोणीतरी उचललेला असतो. अचानक घरी आणलेल्या दहा पाहुण्यांचा स्वयंपाक रात्री अकरा वाजता चुलीवर कोणी केला, बैलजोडीसाठी कोणाचे दागिने मोडले, जत्रेच्या चार दिवसांत गुरांचे शेण कोणी काढले, हे विचारल्याशिवाय त्या माणसाचे चित्र पुरे होत नाही. पत्नी हे सांगताना तक्रार करीलच असे नाही. कित्येकदा ती अभिमानानेच सांगते, आणि कधी दोन्ही एकाच वाक्यात असते. तिचे वाक्य जसेच्या तसे लिहावे आणि छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवावे. तिने ‘नगं’ म्हटले तर ते काढावे. या एका बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानावा असे मला ठामपणे वाटते.

थट्टेतही निवड करावी लागते. एखाद्याच्या व्यंगावरून, जातीवरून किंवा एखाद्या स्त्रीच्या चारित्र्यावरून ठेवलेली नावे त्या काळी सर्वांनी हसून घेतली असली, तरी ज्याला ती चिकटली त्याने ती कशी घेतली, हे कोणी विचारलेले नसते. ती छापू नयेत. त्याच वेळी माणसाला निर्मळ संत करण्याचाही हट्ट धरू नये. त्याच्या थट्टेने दुखावलेला कोणी असेल आणि पुढे त्या दोघांचा समेट झाला असेल, तर समेटाची गोष्ट त्या माणसाच्या संमतीने जरूर द्यावी. दारूचा, पत्त्यांचा, कर्जाचा प्रश्न असेल तर कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे. लिहायचे नसेल तर मौन ठेवावे, पण ‘निर्व्यसनी’ असा शब्द मात्र छापू नये, कारण गावाला खरे ठाऊक असते आणि त्या एका शब्दाने पूर्ण पुस्तिकेवरचा विश्वास उडतो.

दुःखाच्या वर्षांविषयीही विचारावे. दुष्काळात, पीक बुडाल्यावर, घरातले लेकरू गेल्यावर हा माणूस कसा वागला? काही जण हसणे सोडीत नाहीत, काही वर्ष-वर्ष गप्प होतात. ‘हसण्यामागे दुःख लपविले होते’ असे वाक्य आपल्या पदरचे घालू नये. साक्षीदाराने जे पाहिले तेवढेच लिहावे.

लेखन

मजकूर जन्मापासून मृत्यूपर्यंत सरळ ओळीत लिहिण्याची गरज नाही. घराणे, शिक्षण, विवाह, मुले आणि शेती यांची माहिती दोन पानांत आटोपावी आणि उरलेली जागा प्रसंगांना द्यावी. प्रसंग लिहिताना विशेषण आले की थांबून त्याच्या जागी कृती ठेवावी. पुढचा नमुना मी केवळ समजावण्यासाठी रचला आहे. ‘त्यांना नातवंडांची फार आवड होती व त्यांचा स्वभाव विनोदी होता’ या वाक्याऐवजी असे लिहिता येते: ‘सोमवारच्या बाजारातून परतल्यावर ते पिशवी उलटी करून रिकामी असल्याचे दाखवीत. नातवंडे हिरमुसली की डोक्याचा फेटा सावकाश सोडीत आणि शेवटच्या घडीतून गोडी शेवेची पुडी काढीत. धाकटी नात शाळेत जाऊ लागल्यावर तिने एकदा फेटा आधीच ओढला. त्या दिवशी पुडी धोतराच्या ओच्यात होती.’ येथे विनोदी हा शब्द एकदाही आलेला नाही, आणि वाचणाऱ्याला त्याची उणीव भासत नाही.

निवेदन प्रमाण मराठीत असावे, पण त्यांचे बोलणे त्यांच्याच बोलीत ठेवावे. ‘बैल पळत्यात, मी निस्ता धुरळा खातुय’ हे वाक्य शुद्ध करून ‘बैल धावतात, मी केवळ धूळ खातो’ असे छापले, तर बोलणारा माणूसच नाहीसा होतो. त्यांच्या तोंडच्या म्हणी, शिव्यांच्या जागी वापरलेले त्यांचे खास शब्द, बैलांना हाकण्याचा आवाज, पोरांना दिलेली प्रेमाची टोपणनावे यांची एक स्वतंत्र यादी करून ती शेवटी द्यावी. बोलीचे लेखन कसे करावे याविषयी शंका असेल, तर ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे आणि जसे ऐकू येते तसे लिहावे; एका शब्दाचे एकच रूप सर्वत्र ठेवण्याचा आग्रह येथे नको, कारण माणूसही तो शब्द प्रत्येक वेळी सारखा उच्चारीत नसतो.

प्रत्येक प्रसंगाखाली सांगणाऱ्याचे नाव आणि नाते द्यावे. त्यामुळे गोष्टीची जबाबदारी स्पष्ट राहते, आणि सांगणाऱ्याच्या घरातही ती पुस्तिका जपली जाते. पुढाऱ्यांचे शोकसंदेश छापायचेच असतील तर ते शेवटच्या पानावर एकत्र द्यावेत. सुरुवातीच्या पानांवर त्यांना जागा देऊ नये. पहिले पान एखाद्या प्रसंगाने उघडावे, आणि तो प्रसंग निवडताना मुलांपेक्षा नातवंडांना विचारावे, कारण आजोबांची कोणती गोष्ट आपण मित्रांना सांगतो हे त्यांना चटकन आठवते.

छपाई आणि वाटप

पुस्तिका ३२ किंवा ४८ पानांची असावी. मधोमध टाके घालून बांधण्यासाठी पानांची संख्या चारच्या पटीत लागते. घरी युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर मुद्रणालयात जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बदलताना रफार, जोडाक्षरे आणि अर्धा र हमखास बिघडतात, म्हणून छापील मुद्रित हाती घेऊनच तपासावे, पडद्यावर पाहून संमती देऊ नये. अक्षर मोठे ठेवावे, कारण वाचणाऱ्यांत त्यांच्या वयाची माणसे अधिक असतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एखाद्या नातीने सर्व पुस्तिका मोठ्याने वाचून तिचे ध्वनिमुद्रण करावे आणि ते नातेवाइकांच्या गटात पाठवावे.

छापण्यापूर्वी एका संध्याकाळी घरच्या आणि शेजारच्या मंडळींना बोलावून सर्व मजकूर वाचून दाखवावा. लोक जेथे हसतील तेथे मजकूर बरोबर उतरला आहे असे समजावे. जेथे ते एकमेकांकडे पाहू लागतील तेथे पेन्सिलीने खूण करून नंतर एकेकाला वेगळे विचारावे. नावे, गावे आणि नाती यांतील चुका याच बैठकीत सापडतात.

वाटप करताना लेकींच्या सासरी, मुंबई-पुण्यातील गावकरी मंडळाकडे, गावच्या वाचनालयात आणि शाळेत प्रत्येकी काही प्रती आठवणीने पाठवाव्यात. पुस्तिकेच्या अखेरीस दोन-तीन पाने कोरी ठेवून वर ‘आपल्याला आठवणारी गोष्ट’ एवढेच छापावे आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी मांडवात एका जाणत्या मुलाला पेन देऊन बसवावे. कीर्तन संपून जेवणावळ उठेपर्यंत माणसे त्याच्याभोवती जमतात, ‘ह्यात ती विहिरीची गोष्ट न्हाईच की’ असे म्हणतात आणि सांगू लागतात. त्या दिवशी जमलेल्या गोष्टी सर्व ध्वनिमुद्रणांसह एका पेनड्राइव्हवर घालून तिच्या दोन प्रती कराव्यात. एक घरी कागदपत्रांच्या पेटीत ठेवावी आणि दुसरी थोरल्या लेकीकडे द्यावी.